मानेची धमनी बंद असताना मेंदूला प्राणवायू पुरतो का?

हनुवटीच्या खाली, कंठमण्यापासून थोडं बाजूला, मानेवर दोन बोटं हलकेच ठेवा. ठोके लागतात ना? एकाच बाजूला ठेवा आणि दाबू नका. दोन्ही बाजू एकदम तर कधीच दाबायच्या नाहीत. का, ते पुढे वाचताना तुमचं तुम्हालाच कळेल.

बोटाखाली जी उडते आहे ती तुमची कॅरोटिड धमनी. हृदयातून निघालेलं रक्त या वाटेनं मेंदूकडे जातं. डावीकडे एक, उजवीकडे एक. शिवाय मानेच्या मागच्या बाजूनं, मणक्यांमधून, आणखी दोन बारीक धमन्या वर जातात. या चार वाटांवर तुमचा मेंदू जगतो.

दोन शब्द इथेच पक्के करून घेऊ. धमनी म्हणजे हृदयाकडून रक्त पुढे नेणारी नळी. शीर म्हणजे हृदयाकडे रक्त परत आणणारी नळी. आजी-आजोबांच्या शाळेच्या पुस्तकात यांना ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ अशी सुंदर नावं होती. घरात बोलताना मात्र सगळ्यालाच ‘शीर’ म्हणतात. त्यामुळे ‘त्यांची मानेची शीर तुंबली’ असं कोणी म्हणालं, तर बहुतेक वेळा तुंबलेली असते ती धमनी.

मेंदूला फडताळ नाही

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण शरीर जेवढा प्राणवायू वापरतं, त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. (प्राणवायू म्हणजे ऑक्सिजन. हा शब्द जुना वाटला तरी वर्तमानपत्रांत अजून सर्रास दिसतो.)

आणि एवढा खादाड असूनही तो घरात काही साठवून ठेवत नाही. यकृताजवळ साखरेचा साठा असतो, स्नायूंजवळ थोडाफार असतो. मेंदूकडे मात्र फडताळच नाही. आलं की खायचं, आणि लगेच पुढचं मागायचं. मेंदूकडे जाणारं सगळं रक्त थांबलं तर माणूस साधारण दहा सेकंदांत बेशुद्ध पडतो, आणि काही मिनिटांत पेशी मरायला लागतात.

आता यातली एक बारीक गोष्ट नीट वाचा, कारण हा सगळा पाठ तिच्यावर उभा आहे. मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला दर मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळत असतं. ते कमी होत होत २० च्या खाली गेलं, की पेशी काम थांबवतात. हात हलत नाही, शब्द सुचत नाही. पण पेशी मेलेल्या नसतात! घरातले दिवे गेलेत, घर मात्र उभं आहे, अशी ती अवस्था. आणखी कमी होऊन १० च्या आसपास आलं, की घरच कोसळायला लागतं. २० आणि १० यांच्या मधल्या त्या अंधाऱ्या पट्ट्यात पेशी गप्प असतात, पण वाचवता येतात. फक्त कुणीतरी वेळेवर ओळखायला हवं.

तुंबलेली वाट

कॅरोटिड धमनी मानेत, जबड्याच्या थोडी खाली, दोन फांद्यांत वाटली जाते. एक फांदी चेहऱ्याकडे आणि डोक्याच्या कातडीकडे जाते, दुसरी मेंदूकडे. नेमक्या याच फाट्यावर, वय वाढेल तसा, चरबीचा आणि चुन्याचा थर साचतो. नळाच्या तोंडाशी पांढरे क्षार धरतात तसा. सिगारेट, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांनी हा थर लवकर वाढतो.

वाट अरुंद होते ही एक अडचण. पण मोठी भीती वेगळीच असते. या थराचा एखादा तुकडा किंवा त्यावर जमलेली रक्ताची गुठळी सुटते आणि प्रवाहाबरोबर मेंदूत जाऊन अडकते. मग जे होतं त्याला इंग्रजीत आणि आता मराठीतही ‘स्ट्रोक’ म्हणतात. पुस्तकी मराठीत ‘पक्षाघात’. वर्तमानपत्रात ‘अर्धांगवायू’. घरात ‘लकवा’. आणि गावाकडची एखादी मावशी म्हणेल, ‘त्यांच्या अंगावरून वारं गेलं.’ चारही शब्द ओळखीचे असू द्या. फोनवर यातला कोणताही कानावर पडू शकतो.

कधी कधी गुठळी लहान असते आणि आपोआप विरघळते. मग हात दहा मिनिटं लुळा पडतो आणि परत नीट होतो. किंवा एका डोळ्यावर पडदा खाली यावा तसा अंधार येतो आणि निघून जातो. अशा वेळी आपल्याकडची माणसं काय करतात, सांगू? चहा पितात, थोडं पडतात, आणि ‘आता बरं वाटतंय, उगाच कशाला डॉक्टर’ म्हणतात. हे चुकीचं आहे. ते ‘बरं वाटणं’ म्हणजे मेंदूनं दिलेली सूचना असते. तोंड वाकडं झालं, एक हात वर जाईना, बोलणं अडखळलं, तर त्याच मिनिटाला तुमच्या देशातल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा. लक्षणं गेली तरीही करायचा.

अशा माणसाच्या मानेतली धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झालेली असेल, तर ऑपरेशनचा फायदा खूप असतो. उत्तर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९१ साली आले. अशा रुग्णांपैकी ज्यांना फक्त औषधं दिली, त्यांच्यातल्या २६ टक्के लोकांना दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक आला. ज्यांचं ऑपरेशन झालं, त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के होतं. शिवाय ते जितक्या लवकर, साधारण पहिल्या दोन आठवड्यांत होईल, तितका फायदा जास्त.

वाट उघडण्यासाठी आधी वाट बंद

ऑपरेशन ऐकायला सोपं वाटतं. मानेवर छेद घ्यायचा, धमनी उघडायची, आतला थर सालीसारखा सोलून काढायचा, धमनी शिवून टाकायची. पण वाहत्या नळीला चीर कशी देणार? रक्ताचा फवारा उडेल. म्हणून सर्जन आधी रक्त गोठू नये म्हणून औषध देतात, आणि मग धमनीला वर आणि खाली चिमटे लावतात.

म्हणजे बघा, ज्या मेंदूला रक्त कमी पडतं म्हणून हा सगळा खटाटोप, त्याचीच एक वाट अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ पूर्ण बंद करायची!

बऱ्याच जणांचा मेंदू हे सहन करतो. कारण मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. चारही वाटा तिथे येऊन एकमेकींना मिळतात, शहराभोवतीच्या रिंग रोडसारख्या. एक रस्ता बंद पडला तर गाड्या दुसरीकडून वळून येतात. ऑक्सफर्डच्या थॉमस विलिस यांनी १६६४ साली मेंदूवर जे पुस्तक लिहिलं, त्यात या कड्याचं वर्णन आहे, म्हणून त्याला विलिसचं कडं म्हणतात. त्या पुस्तकातली चित्रं काढायला मदत केली ख्रिस्तोफर रेन यांनी. हो, लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारे तेच रेन.

अडचण एवढीच, की हा रिंग रोड सगळ्यांचा पूर्ण नसतो. कित्येकांच्या कड्यात एखादा तुकडा दोऱ्याइतका बारीक असतो, किंवा नसतोच. त्यांना बाहेरून काही कळत नाही. आयुष्यभर काही अडतही नाही. पण चिमटा लागला की त्या बाजूच्या मेंदूला पर्यायी वाटच उरत नाही. (आता कळलं, दोन्ही बाजू एकदम का दाबायच्या नाहीत? शिवाय त्या फाट्याजवळ रक्तदाब जोखणारी जागा असते. तिथे जोरात दाबलं तर हृदयाचे ठोकेच मंदावतात.)

सुरुवातीच्या डॉक्टरांनी यावर काय उपाय केला? १९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब या तिघांनी एका ६६ वर्षांच्या बाईंच्या कॅरोटिड धमनीचं ऑपरेशन केलं. त्यांना तोवर तीसहून जास्त वेळा छोटे झटके येऊन गेले होते. डॉक्टरांनी त्यांचं शरीर सुमारे २८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलं. शरीर गार पडलं की मेंदूची भूक कमी होते. एक अंश उतरला की साधारण ६ ते ७ टक्क्यांनी. भूक कमी म्हणजे उपाशी राहायची ताकद जास्त. त्या बाई बऱ्या झाल्या. अमेरिकेत ह्यूस्टनला मायकेल डीबेकी यांनी १९५३ मध्येच असं ऑपरेशन केलं होतं, पण त्याची माहिती त्यांनी बऱ्याच वर्षांनी छापली. लंडनचं ऑपरेशन लगेच छापून आलं आणि जगभर गाजलं.

आज एवढं थंड करत नाहीत. त्याऐवजी एक तात्पुरती नळी वापरता येते, तिला शंट म्हणतात. तिचं एक टोक चिमट्याच्या खाली, दुसरं चिमट्याच्या वर. रस्त्याचं काम चालू असताना बाजूनं कच्चा रस्ता काढून देतात ना, तसं. मग सगळ्यांनाच शंट का बसवत नाहीत? काही सर्जन बसवतात. पण नळी आत सरकवताना थराचा तुकडा निघून मेंदूत जाऊ शकतो, म्हणजे ज्याची भीती तेच. शिवाय अरुंद जागेत नळी मध्ये आली की शिवणं अवघड होतं. त्यामुळे अनेक सर्जनांना वाटतं, ज्याला गरज आहे त्यालाच शंट द्यावा. पण गरज कोणाला आहे हे कसं ओळखायचं? तेही चिमटा लावल्यावर एक-दोन मिनिटांत?

विचारूनच पाहायचं

सगळ्यात साधा उपाय म्हणजे रुग्णाला झोपवायचंच नाही. फक्त मान बधिर करायची आणि चिमटा लावल्यावर त्याच्याशी गप्पा मारायच्या. ‘नाव सांगा. वीसपासून उलटे आकडे म्हणा. माझा हात दाबा.’ डाव्या धमनीचं ऑपरेशन असेल तर उजवा हात बघायचा, कारण मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते. काही ठिकाणी रुग्णाच्या हातात लहान मुलांचं दाबलं की चूं-चूं वाजणारं खेळणं देतात. मध्ये निर्जंतुक पडदा असतो, डॉक्टरांना हात दिसत नाही, पण आवाज ऐकू येतो. आवाज थांबला की सर्जन सावध! इतक्या महागड्या ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यात भरवशाचं यंत्र म्हणजे ते रबरी बदक, ही गोष्ट मला फार आवडते.

पण दीड-दोन तास मान वळवून, तोंडाजवळ कापड, शांत पडून राहणं सगळ्यांना जमत नाही. कुणी घाबरतं, कुणाला खोकला येतो. पूर्ण भूल देणं बरं की जागं ठेवणं बरं, यावर साडेतीन हजार रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला. २००८ साली त्याचा निकाल आला: स्ट्रोक, हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू, हे सगळं मिळून एका गटात ४.८ टक्के, दुसऱ्यात ४.५. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. रुग्ण, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून ठरवावं. (भूलतज्ज्ञ म्हणजे भूल देणारे डॉक्टर. ‘भूल’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. ‘भूल देणे’ आणि ‘भूल पडणे’ यांत गोंधळ करू नका.)

मग पूर्ण भूल दिलेला माणूस तर बोलणार नाही. त्याच्या मेंदूला प्राणवायू पुरतो आहे की नाही, हे कुणाला विचारायचं? उत्तर आहे: उजेडाला.

कपाळातून जाणारा उजेड

रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि फोनच्या टॉर्चवर बोट ठेवा. बोट लालबुंद दिसेल. टॉर्चचा उजेड तर पांढरा असतो, मग लाल का? कारण पांढऱ्या उजेडातला निळा-हिरवा भाग बोटातलं रक्त गिळून टाकतं. लाल भाग बराचसा आरपार येतो.

लाल रंगाच्या पलीकडे आणखी एक उजेड आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तो. त्याला मराठीत ‘अवरक्त’ म्हणतात. इथे ‘रक्त’ म्हणजे अंगातलं रक्त नव्हे बरं का. संस्कृतमध्ये ‘रक्त’ म्हणजे लाल, आणि ‘अव’ म्हणजे खालचा. लालच्या खालचा तो अवरक्त. हा उजेड कातडी आणि हाडं यांतूनही बऱ्यापैकी आत शिरतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स योबसिस यांनी १९७७ साली दाखवून दिलं, की अशा उजेडानं कवटी न उघडता मेंदूतल्या प्राणवायूचा अंदाज घेता येतो. त्याआधी जेवणाच्या ताटातलं एक चपटं हाड दिव्यासमोर धरून, त्यातून लाल उजेड येतो हे त्यांनी पाहिलं होतं, असं ते स्वतः सांगत.

आता प्राणवायू रक्तात कसा प्रवास करतो ते पाहू. रक्तात हिमोग्लोबिन नावाचं द्रव्य असतं. ते म्हणजे चार पुडांचा डबा समजा. फुफ्फुसात चारही पुडं भरतात, एकेका पुडात प्राणवायूचा एकेक रेणू. धमनीतून डबे मेंदूत जातात. मेंदू त्यातलं हवं तेवढं काढून घेतो, आणि अर्धवट रिकामे डबे शिरेतून परत येतात. भरलेला डबा लालभडक असतो, रिकामा डबा काळपट लाल. (पुस्तकातल्या आकृतीत तो निळा रंगवतात, पण तुमच्या अंगात निळं रक्त कुठेच नाही.) रंग वेगळा, म्हणून उजेड गिळायची पद्धतही वेगळी. अवरक्त उजेडाचे दोन वेगवेगळे प्रकार आत सोडले आणि प्रत्येकातला किती परत आला हे मोजलं, की भरलेले डबे किती आणि रिकामे किती याचा हिशेब निघतो.

ऑपरेशनच्या आधी कपाळावर, भुवयांच्या वर, डावीकडे आणि उजवीकडे एकेक चिकटपट्टी लावतात. पट्टीत एक छोटा दिवा असतो आणि त्यापासून काही सेंटिमीटरवर उजेड टिपणारे दोन डोळे. उजेड आत शिरतो, विखुरतो, आणि केळ्यासारख्या वाकड्या वाटेनं परत बाहेर येतो. जवळच्या डोळ्याला जो उजेड मिळतो तो बहुतेक कातडी आणि हाड यांतूनच फिरून आलेला असतो. लांबच्या डोळ्याला मिळणारा उजेड आणखी खोल, मेंदूच्या वरच्या थरापर्यंत जाऊन आलेला असतो. एकातून दुसरं वजा केलं की मेंदूचं जे आहे ते उरतं. निदान उरावं अशी अपेक्षा असते.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तुम्ही पाहिला असेल. कोविडच्या काळात तो घरोघरी आला. तो ९७, ९८ असे आकडे दाखवतो. कपाळावरचं यंत्र मात्र ६५ किंवा ७० दाखवतं, आणि ते पाहून नातेवाईक घाबरतात. घाबरायचं कारण नाही. बोटाचं यंत्र फक्त ठोक्याबरोबर उडणारं, म्हणजे धमनीतलं रक्त मोजतं, जाणारे भरलेले डबे. कपाळावरचं यंत्र सगळं एकत्र मोजतं, आणि मेंदूतल्या रक्ताचा साधारण तीन चतुर्थांश भाग शिरांमध्ये असतो. म्हणजे ते मुख्यतः परत येणारे डबे पाहतं. आणि आपल्याला तेच तर हवं आहे! डब्यात थोडं उरलं असेल तर मेंदूचं पोट भरलं. डबे अगदी चाटूनपुसून परत यायला लागले, तर मेंदू उपाशी आहे.

एक छोटं गणित

समजा, एका आजोबांचा आकडा ऑपरेशनच्या आधी ६८ होता. चिमटा लावल्यावर तो ५२ झाला. १६ नी उतरला. १६ भागिले ६८, म्हणजे जवळजवळ २४ टक्के घट. आता दुसऱ्या आजोबांचा आकडा आधीच ६० होता, तोही चिमट्यानंतर ५२ झाला. ८ भागिले ६०, म्हणजे १३ टक्के घट. पडद्यावर दोघांचाही आकडा ५२ च, पण अर्थ वेगळा. २० टक्क्यांहून जास्त घट झाली की बहुतेक डॉक्टर तिला धोक्याची खूण मानतात. म्हणून सुरुवातीचा आकडा रुग्ण जागा असतानाच नोंदवून ठेवतात. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच.

आकडा पडला की लगेच शंट बसवतात असं नाही. आधी भूलतज्ज्ञ औषधानं रक्तदाब थोडा वाढवतात, म्हणजे विलिसच्या कड्यातून जास्त रक्त ढकललं जाईल. श्वासाचं यंत्र तपासतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार उतरला तर मेंदूच्या धमन्या आक्रसतात, म्हणून तोही नीट हवा. मान जास्त वळली आहे का ते बघतात. एवढं करूनही आकडा वर आला नाही, तर सर्जनला सांगतात, आणि शंट आत जातो.

यंत्र किती खरं बोलतं?

इथे थोडं थांबून शंका काढायला हवी. आकडा पडद्यावर दिसला की माणसं त्यावर फार लवकर विश्वास ठेवतात.

जाग्या रुग्णांवर हे यंत्र वापरून पाहिलं, तर यंत्राचं म्हणणं आणि रुग्णाचं बोलणं ताडून बघता येतं. सुमारे शंभर ऑपरेशनांचा असा एक अभ्यास अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झाला. यंत्र शांत असताना रुग्णाला त्रास झाला, असं शंभरात दोन-तीनदाच घडलं. पण यंत्रानं जेव्हा इशारा दिला, तेव्हा तीनपैकी दोन वेळा रुग्ण मजेत बोलत होता! म्हणजे हे यंत्र ‘सगळं ठीक आहे’ म्हणालं तर बऱ्यापैकी खरं, आणि ‘धोका आहे’ म्हणालं तर पुन्हा तपासून बघावं. अती काळजी करणाऱ्या आजीसारखं.

चुका का होतात? एक तर पट्टी कपाळावर असते, त्यामुळे मेंदूचा फक्त पुढचा भाग दिसतो. हात आणि बोलणं सांभाळणारा भाग आणखी बाजूला, केसांखाली असतो. दुसरं म्हणजे डोक्याच्या कातडीतलं रक्त हिशेबात मिसळतं, आणि चिमटे लावताना कातडीकडे जाणारी फांदीही बंद होतेच. मग आकडा कातडीमुळे पडला की मेंदूमुळे? त्वचेचा रंगही उजेड गिळतो. बोटाचा ऑक्सिमीटर सावळ्या आणि काळ्या त्वचेवर कधी कधी खऱ्याहून जास्त आकडा दाखवतो, हे आता सगळीकडे मान्य झालं आहे. आपल्यासारख्या लोकांनी हे माहीत असू द्यावं. कपाळावरच्या यंत्रातही एकट्या आकड्यापेक्षा त्याच माणसाचा चढउतार महत्त्वाचा मानतात, त्याचं हेही एक कारण.

सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे मृत माणसांच्या कपाळावर पट्टी लावली, तेव्हा काहींचे आकडे जिवंत माणसांच्या आकड्यांइतके आले. विचार केला तर हे पटतं. मेलेला मेंदू खातच नाही, मग डबे रिकामे कसे होणार? यंत्र डबे मोजतं, जेवणारा जिवंत आहे का हे ते विचारत नाही. म्हणूनच चांगले भूलतज्ज्ञ एकट्या आकड्यावर निर्णय घेत नाहीत. मेंदूतली वीज मोजणाऱ्या तारा, कानाजवळून आवाजाच्या लहरींनी रक्ताचा वेग मोजणारं यंत्र, यांचीही ते साथ घेतात.

कवटी उघडूनच ऑपरेशन चाललं असेल, तर मात्र थेट मोजता येतं. डोक्याच्या कातडीतली धमनी मेंदूवरच्या धमनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याचं ऑपरेशन असतं. ते पहिल्यांदा १९६७ साली झ्यूरिकमध्ये याशारगिल यांनी केलं. अशा वेळी एक बारीक तार मेंदूच्या पेशींमध्ये ठेवता येते. तिथे उजेडाचा अंदाज नाही, खुद्द पेशींच्या शेजारी विरघळलेला प्राणवायू मोजला जातो. जोड पूर्ण होऊन रक्त सुटलं, की आकडा वर चढताना दिसू शकतो. पण ती तार एवढ्याशा जागेचंच सांगते. कपाळावरची पट्टी मोठ्या जागेचं ढोबळ सांगते. दोन्हींची गंमत आणि दोन्हींची अडचण यातच आहे.

चिमटा निघाल्यावर

थर निघाला, धमनी शिवली, चिमटे सोडले. आता धोका संपला असं वाटेल. पण कित्येक महिने कमी रक्तावर राहिलेल्या धमन्या सताड उघड्या राहायला शिकलेल्या असतात. त्यात अचानक पूर्ण प्रवाह आला, तर मेंदूत पूर येतो. थोड्याच रुग्णांत हे होतं, पण झालं तर डोकं भयंकर दुखतं, फिट येऊ शकते, कधी रक्तस्राव होतो. म्हणून कपाळावरची पट्टी लगेच काढत नाहीत. आकडा आधीच्यापेक्षा फार वर गेला, तर आता रक्तदाब उतरवायचा. मघाशी जो मुद्दाम वाढवला होता, तोच!

मग भूल उतरते आणि तीच जुनी परीक्षा पुन्हा होते. नाव सांगा. जीभ बाहेर काढा. दोन्ही हात वर करा.

इथे तुमचं एक काम आहे. भुलेतून बाहेर येणारी ज्येष्ठ माणसं पुष्कळदा आपल्या पहिल्या भाषेत बोलतात. तुमचे आजोबा चाळीस वर्षं लेस्टरमध्ये किंवा न्यू जर्सीत राहिलेले असोत, डोळे उघडताच ते कदाचित ‘पाणी दे गं’ म्हणतील. समोरच्या नर्सला मराठी येत नसेल, तर हे बरोबर बोलणं आहे की स्ट्रोकमुळे झालेली बडबड, हे तिला कसं कळणार? म्हणून ऑपरेशनच्या आधीच वॉर्डमध्ये सांगून ठेवा: ‘आजोबा मराठी बोलतात, उठल्यावर मराठीत उत्तर देतील.’ सहीच्या आधी, धोके समजावून सांगताना, हॉस्पिटलकडे दुभाषी मागा. ते काम घरच्या मुलांनी करायचं नसतं. चुकीचा शब्द फार महाग पडतो. पण रात्री घरी बसून आजोबा जेव्हा विचारतील, ‘कपाळाला ती पट्टी कशाला रे लावणार?’, तेव्हा उत्तर तुम्ही देऊ शकता.

वर्गात बोला: हे उत्तर आजोबांना दोन मिनिटांत, डब्याचं उदाहरण वापरून, एकमेकांना सांगा. ‘शंट’, ‘भूल’ आणि ‘चिमटा’ हे शब्द यायला हवेत. ऐकणाऱ्यानं आजोबा व्हायचं आणि किमान दोन शंका काढायच्या.

वहीत सोडवा: एका बाईंचा आकडा आधी ७२ होता, चिमट्यानंतर ६० झाला. घट किती टक्के? इशारा द्यावा का? कारण एका वाक्यात लिहा.